मोबाईलमधून हेडफोनचा जॅक गेला : छोट्या दुकानदाराने काय करावे?

मोबाईलच्या दुकानात वारंवार घडणारा प्रसंग आहे. गिऱ्हाईक नवा फोन घेऊन येते, खिशातून चांगला चालणारा जुना इयरफोन काढते आणि विचारते, "भाई, ह्याची पिन कुठे लावायची?" दुकानदार फोन उलटासुलटा करून पाहतो. खाली चार्जिंगचे एकच छिद्र. गोल छिद्र गायब. मग कन्व्हर्टर विकायचा की बिनतारी इयरफोन दाखवायचा, हा हिशेब दुकानदाराच्या मनात सुरू होतो.

हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण मोबाईलचे सुटे सामान विकणारे आणि मोबाईल दुरुस्त करणारे हजारो लोक आज आपल्या समाजात आहेत. थोडे भांडवल, एक टेबल, एक भिंग आणि हातात हुन्नर एवढ्यावर या धंद्यात उभे राहता येते. म्हणून एका छिद्राच्या जाण्याने या धंद्यात काय बदलले, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कोणाच्याच मालकीची नसलेली पिन

ही पिन मोबाईलपेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एक तार काढून दुसऱ्या छिद्रात खोचत व दोन माणसांचे बोलणे जोडून देत. ती पिन पाव इंच जाडीची होती. लाऊडस्पीकरच्या मशीनला आणि गिटारला आजही तीच लागते. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ आले तेव्हा तिचेच लहान रूप, साडेतीन मिलिमीटरची पिन, प्रचारात आली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन निघाला आणि ही पिन जगभर घरोघर पोहोचली.

मोबाईलवाल्यांनी ती सुरुवातीला सहजासहजी स्वीकारली नव्हती. नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या कित्येक जुन्या फोनांना त्यांचाच वेगळा हँड्सफ्री लागत असे. एका कंपनीचा दुसरीला चालत नसे. २००७ च्या पहिल्या आयफोनला गोल छिद्र होते, पण ते इतके आत बसवलेले होते की बाजारातल्या बऱ्याच पिना त्यात शिरत नसत. नंतर मात्र सर्वांनीच साधी साडेतीनची पिन घेतली आणि दुकानदाराला मोठी सोय झाली. एकच माल प्रत्येक गिऱ्हाइकाला चालू लागला. माल पडून राहण्याची भीती उरली नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की या पिनेसाठी कोणाला परवाना किंवा रॉयल्टी द्यावी लागत नव्हती. कारखानदाराने बनवावी, ठोक व्यापाऱ्याने आणावी, किरकोळ दुकानदाराने विकावी आणि तार तुटली तर कारागिराने नवी पिन जोडून द्यावी. प्रत्येकाच्या वाट्याला चार पैसे येत.

२०१६ चे वर्ष

जॅक काढण्याची सुरुवात ॲपलने केली असा समज आहे, तो बरोबर नाही. चीनच्या ओप्पो कंपनीने २०१२ आणि २०१४ मध्ये फोन पातळ करण्यासाठी असे मॉडेल काढले होते. २०१६ मध्ये लेईको आणि मोटोरोला यांनीही जॅक नसलेले फोन बाजारात आणले. पण वादाला तोंड फुटले ते ७ सप्टेंबर २०१६ रोजी. त्या दिवशी ॲपलने आयफोन ७ जाहीर केला आणि त्याला जॅक नव्हता. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी या निर्णयामागचे कारण "धाडस" या एका शब्दात सांगितले. जगभर या शब्दाची थट्टा झाली. त्याच दिवशी त्याच कंपनीने १५९ डॉलर किमतीचे बिनतारी एअरपॉड्स जाहीर केले, ही गोष्टही लोकांच्या नजरेतून सुटली नाही. बीट्स ही हेडफोनची कंपनी तर ॲपलने २०१४ मध्येच तीन अब्ज डॉलरला विकत घेतली होती.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. फोनच्या आत जागा फार थोडी असते. जॅकची नळी बरीच जागा अडवते. ती काढली की बॅटरी मोठी बसते, इतर भागांना जागा मिळते, पाणी शिरण्याची एक वाट कमी होते. आयफोन ६एसची बॅटरी १७१५ एमएएच होती, आयफोन ७ ची १९६० झाली. हे खरेच आहे. पण सॅमसंगचे गॅलेक्सी एस ५ आणि एस ७ हे फोन जॅक ठेवूनही पाण्यात टिकणारे होते. विवो कंपनीने २०१४ मध्ये पाच मिलिमीटरपेक्षाही पातळ फोनात जॅक बसवून दाखवला होता. खुद्द ॲपलच्या मॅकबुक लॅपटॉपमध्ये जॅक आजही आहे. म्हणजे जॅक ठेवणे अशक्य होते असे नाही. तो ठेवायचा नाही असे ठरले.

ज्यांनी थट्टा केली त्यांचेही पुढे तेच झाले. गुगलने २०१६ मध्ये पिक्सेल फोनच्या जाहिरातीत जॅक असल्याची फुशारकी मारली आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून तो काढला. सॅमसंगने २०१७ मध्ये ॲपलची टिंगल करणारी जाहिरात केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नोट १० मधून जॅक काढला. वनप्लसने २०१८ मध्ये ६टी पासून तो बंद केला. उलट दिशेने गेलेली मोठी कंपनी म्हणजे सोनी. २०१९ च्या एक्सपीरिया १ मध्ये नसलेला जॅक तिने गिऱ्हाइकांच्या मागणीवरून २०२० च्या पुढच्या मॉडेलमध्ये परत दिला. स्वस्त फोनांपैकी बऱ्याच मॉडेलमध्ये जॅक अजून टिकून आहे. महागड्या फोनात मात्र तो अपवाद झाला आहे.

कोणाचे काय गेले?

जॅक फक्त गाणी ऐकण्यासाठी नव्हता. अमेरिकेत स्क्वेअर नावाच्या कंपनीने फोनच्या जॅकमध्ये खोचायचे छोटे कार्ड-यंत्र काढले होते. त्यामुळे फेरीवाल्यापासून सुतारापर्यंत कोणीही कार्डावर पैसे घेऊ लागला. जॅक गेला तेव्हा आयफोनसाठी त्या कंपनीला लायटनिंग छिद्राचे वेगळे यंत्र बनवावे लागले. सेल्फी काढायच्या काठीची तारही त्याच जॅकमध्ये जात असे.

आपल्याकडे मोठे नुकसान झाले ते एफएम रेडिओचे. फोनमधला रेडिओ इयरफोनच्या तारेचा अँटेना म्हणून वापर करतो. तार गेली की बहुतेक फोनांत रेडिओही मुका होतो. नेटवर्क बंद पडलेल्या पुरात किंवा वादळात रेडिओ हाच आधार असतो. म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोनमध्ये एफएम सुरू ठेवण्याची सूचना उत्पादकांना केली. पण ती सूचना होती, सक्ती नव्हती.

दुरुस्ती करणाऱ्याचे नुकसान वेगळे आहे. जॅकमधला कचरा काढणे, सैल झालेला जॅक बदलणे, इयरफोनची तुटलेली तार जोडणे ही नवशिक्या शागिर्दाची पहिली कामे होती. यातच हात बसत असे. बिनतारी इयरफोनमध्ये असे काम जवळजवळ नाही. दुरुस्तीचे मार्गदर्शन करणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकन संस्थेने ॲपलच्या पहिल्या एअरपॉड्सना दुरुस्तीयोग्यतेत दहापैकी शून्य गुण दिले होते. आतली बॅटरी डिंकाने बंद केलेली असते, उघडताना कवच फुटते. दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली की वस्तू कचऱ्यात जाते. जुन्या तारेच्या इयरफोनला बॅटरीच नव्हती. जपून वापरला तर तो दहा वर्षेही चालत असे.

कारागिराच्या हाताची ताकद किती, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २०१७ मध्ये स्कॉटी ॲलन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने चीनमधील शेन्झेनच्या प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक बाजारातून सुटे भाग जमवून, कित्येक महिने खपून, आयफोन ७ मध्ये चालता जॅक बसवून दाखवला. काम कौतुकाचे होते. पण गाणे ऐकताना तो फोन चार्ज होत नसे. हुन्नर कितीही असला तरी मालकाने बंद केलेले दार कारागिराला पूर्ण उघडता येत नाही, हे यावरून कळते.

कन्व्हर्टरच्या धंद्यातील धोका

जॅक गेल्याने कन्व्हर्टरचा नवा धंदा मिळाला, असे काही व्यापारी म्हणतात. ते अर्धे खरे आहे. सुरुवातीला ॲपल हा कन्व्हर्टर खोक्यातच देत असे. २०१८ पासून तो देणे बंद झाले आणि २०२० मध्ये आयफोन १२ पासून इयरफोन व चार्जरही खोक्यातून गेले. फ्रान्समध्ये कायद्यानेच इयरफोन देणे बंधनकारक होते म्हणून तिथे तो काही काळ मिळत राहिला. बाकी ठिकाणी हे सामान बाजारातून घेणे गिऱ्हाइकाला भाग पडले.

पण २०२३ च्या आयफोन १५ पासून ॲपलने स्वतःचे लायटनिंग छिद्र सोडून टाइप-सी घेतले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून सर्व नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचे केल्याचा हा परिणाम. ज्यांनी लायटनिंगचा माल भरून ठेवला होता, त्यांचे गिऱ्हाईक आता जुन्या फोनवाल्यांपुरतेच उरले आहे. परक्याच्या मर्जीवर चालणाऱ्या वस्तूत भांडवल अडकवणे किती धोक्याचे, याचा हा धडा आहे.

टाइप-सी कन्व्हर्टरमध्येही एक फसगत आहे. दिसायला सारखे असले तरी ते दोन प्रकारचे असतात. एकात नुसती तार असते. दुसऱ्यात डिजिटल संदेशाचे आवाजात रूपांतर करणारी चिप असते. काही फोन टाइप-सी मधून थेट आवाजाचा विद्युतप्रवाह सोडतात, त्यांना पहिला प्रकार चालतो. बरेच फोन फक्त डिजिटल संदेश देतात, त्यांना चिपवालाच लागतो. नुसत्या तारेचा स्वस्त माल अशा फोनला लावला की आवाज येत नाही, गिऱ्हाईक परत येते आणि भांडण दुकानदाराशी होते.

जुन्या पिनेतही असाच एक खोडा होता. माईक असलेल्या इयरफोनच्या पिनेवर चार पट्ट्या असतात: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माईक. शेवटच्या दोघांचा क्रम काही जुन्या नोकिया फोनांत उलटा होता. म्हणून एका फोनचा इयरफोन दुसऱ्याला लावला की आवाज बारीक येई किंवा माईक चालत नसे. दुरुस्ती करणाऱ्या जाणत्यांना हे माहीत होते. आज तसेच टाइप-सीचे प्रकार माहीत करून घेतले पाहिजेत.

आता करायचे काय?

गेलेला जॅक सर्व फोनांत परत येईल, या आशेवर दुकान चालवता येणार नाही. बोट या भारतीय ब्रँडचे उदाहरण घ्या. त्याची सुरुवात चार्जिंगच्या केबलपासून झाली आणि पुढे स्वस्त बिनतारी इयरफोनवर तो देशभर पोहोचला. वारा ओळखणाऱ्याला जागा मिळते, हे यावरून दिसते. आपल्या छोट्या दुकानदारांनी व कारागिरांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, कन्व्हर्टर विकताना तो गिऱ्हाइकाच्या फोनलाच लावून, आवाज आणि माईक दोन्ही तपासून द्यावा. शक्यतो चिपवालाच माल ठेवावा. चार पैसे महाग पडला तरी परत येत नाही.

दुसरी, तारेचा माल एकदम काढून टाकू नये. स्वस्त फोनवाले, संगणकावर काम करणारे आणि ऑनलाइन शिकणारी मुले आजही तारेचा इयरफोन मागतात. मात्र नवा माल भरताना साडेतीनच्या पिनेबरोबर टाइप-सीचा तारेचा इयरफोनही थोडा ठेवावा.

तिसरी, नामवंत कंपनीचे नाव छापलेला नकली बिनतारी माल कितीही खपत असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे असा माल विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बनवणारा दूर राहतो, धाड आपल्या दुकानावर पडते. बिनतारी इयरफोन घेताना खोक्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा क्रमांक आहे की नाही, हे ठोक व्यापाऱ्याकडेच पाहून घ्यावे आणि पक्के बिल मागावे.

चौथी, कारागिरांनी आपले लक्ष चार्जिंगच्या छिद्राकडे वळवावे. पूर्वी दोन छिद्रे जे काम करीत ते आता एकाच छिद्राला करावे लागते. त्यात चार्जरही जातो आणि कन्व्हर्टरही. त्याची झीज जास्त होते. टाइप-सीचा पोर्ट सफाईने बदलणे आणि चार्जिंग बोर्डातील दोष शोधणे यात ज्याचा हात बसेल, त्याला काम कमी पडणार नाही. शागिर्दाला पहिला धडा आता इथून द्यावा. काढलेल्या बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. त्या दाबल्या गेल्या तर पेट घेतात.

शेवटची गोष्ट गिऱ्हाइकाशी असलेल्या नात्याची. फोन विकतानाच सांगावे, "या फोनला इयरफोनचा जॅक नाही, तुमच्याकडचा इयरफोन चालणार नाही." एखादी विक्री हातची जाईल. पण घरी जाऊन ज्याला हे कळते तो माणूस पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. कंपन्या छिद्रे बदलत राहतील, त्यांच्यावर आपला काही ताबा नाही. गिऱ्हाइकाचा भरवसा मात्र आपल्याच हातात आहे आणि छोट्या दुकानाची खरी पुंजी तीच आहे.