भट्टीवर निघण्यापूर्वी पाळण्याचा विचार करा

दिवाळी आटोपली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर सामानाची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. ती परतल्यावर दवाखान्यात काही तक्रारी दरवर्षी त्याच त्या दिसतात.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एक बाई आली. वय पंचविशीच्या आत, कडेवर अकरा महिन्यांचे मूल. "डॉक्टर, चक्कर येते, ताकदीचं इंजेक्शन द्या," म्हणाली. तपासले तर चौथा महिना लागलेला आणि हिमोग्लोबिन अवघे ७. "गोळ्या नेल्या होत्या, त्या संपल्या. भट्टीवर कुठं मिळणार? मूल अंगावर पितंय, पाळीही नव्हती, म्हणून वाटलं दिवस राहणार नाहीत." नवरा बाहेर बाकावर बसून होता.

यात त्या बाईचा दोष नाही. साधन तिला मिळाले होते, पण तिच्या वर्षाच्या रहाटीशी ते जुळत नव्हते. म्हणून 'चांगले साधन कोणते?' असे विचारण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पाळणा किती वर्षे लांबवायचा आहे, घरापासून किती महिने दूर राहायचे आहे आणि अंगात काही आजार आहे का?

प्रथम अंगावर पाजण्याविषयी. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला रात्रंदिवस फक्त आईचे दूध मिळत असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, तरच यापासून चांगले संरक्षण मिळते. तीनपैकी एक अट जरी मोडली, तरी दुसरे साधन हवे. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, एकदा बसवली की प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे काम करते आणि मूल हवे झाले की काढता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी ती बसवतात. ती पोटातून छातीत चढते, ही निव्वळ भीती आहे. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, म्हणून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गर्भाशयाला जंतुसंसर्ग असेल किंवा कारण न कळता रक्त जात असेल, तर आधी उपचार व्हावेत. बाहेरगावी राहणाऱ्यांना हे साधन सोयीचे पडते.

'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पाळी अनियमित होते किंवा थांबते; त्याने रक्त पोटात साचत नाही. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तारीख भट्टीवर असताना येत असेल, तर कार्ड जवळ ठेवून जवळच्या सरकारी केंद्रात जावे.

'छाया' ही गोळी लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, व पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. जाताना पुरेशी पाकिटे मागून न्यावीत. 'माला-एन' मात्र रोज घ्यावी लागते. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने, तसेच रक्तदाब वाढलेला किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असेल तिने ती घेऊ नये.

निरोधमुळे लैंगिक आजारांपासूनही बचाव होतो. एखाद्या वेळी चूक झाली, तर ७२ तासांच्या आत घेण्याची गोळी असते. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. ती नेहमीचे साधन नव्हे.

आता पुरुषांविषयी. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. शंभर वर्षे उलटली, तरी हा विषय निघाला की नवरा बाहेरच बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुष नसबंदीचा आधार असलेल्या जोडप्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वास्तविक पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बायकांच्या शस्त्रक्रियेहून सोपी. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते, आठवडाभर जड काम टाळले की पुरे. ताकद किंवा संसारसुख कमी होत नाही. फक्त तीन महिने निरोध वापरून वीर्य तपासून घ्यावे. मुले पुरेत, असे दोघांचे नक्की ठरल्यावरच हा मार्ग धरावा.

त्या दिवशी मी नवऱ्याला आत बोलावले. लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातले बाळंतपण आणि लगेच बसवायची तांबी, हे सारे दोघांसमोर बोललो. बाळंतपण मार्गशीर्षात सुखरूप झाले. तांबी बसवूनच ती घरी आली आणि कुटुंब त्या वर्षी महिनाभर उशिराने भट्टीवर गेले.

दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर असावे. तेव्हा दिवाळीची खरेदी करण्याआधी एक दिवस काढा, आशाताईंना भेटा, उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जा. ही साधने तेथे मोफत मिळतात. आणि जाताना दोघांनी जा.