तीन वर्षांची परिषद, पस्तीस वर्षांचा परवाना

१९८९ साली न्यूझीलंडने स्थानिक कारभाराची फेरमांडणी केली, तेव्हा ८०० हून अधिक लहानमोठ्या संस्था मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी ८६ उरल्या. त्यांत प्रादेशिक परिषदा नव्या होत्या आणि त्यांच्या सीमा प्रामुख्याने डोंगरधारांवरून, म्हणजे पाणलोट बघून आखल्या गेल्या. उगमापासून मुखापर्यंत शक्यतो एकच संस्था नदीला जबाबदार राहील, असा त्यामागचा विचार होता. मुठेच्या काठी राहणाऱ्या पुणेकराला याचा हेवा वाटेल. मुठेवरचे धरण जलसंपदा खात्याचे, मैलापाणी महापालिकेचे आणि नोटिसा काढायला प्रदूषण नियंत्रण मंडळ.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, संसाधन व्यवस्थापन कायदा आला आणि परिषदांच्या हाती खरे अधिकार पडले. नदीतून वा कूपनलिकेतून मोठ्या प्रमाणावर पाणी उचलायचे, नदीत सांडपाणी सोडायचे, तर परिषदेचा परवाना हवा. मुदत जास्तीत जास्त ३५ वर्षे. पाणीवाटपाची रीत अशी की जो आधी अर्ज करील त्याचा अर्ज आधी विचारात घ्यायचा. परिषदेचे सदस्य मात्र तीन वर्षांसाठी निवडून येणारे. एका सभेने दिलेला परवाना पुढच्या दहाबारा सभांच्या गळ्यात राहू शकतो, याची धास्ती त्या वेळी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

पहिली काही वर्षे बरी गेली. कत्तलखाने, दूध प्रकल्प, शहरांची मैलापाणी केंद्रे यांच्या नळांवर बोट ठेवता येत होते आणि परिषदांनी ते ठेवले. पण कायद्याची एक बाजू सैल होती. पाण्यात काही सोडायला परवानगी लागे; जमीन कशी वापरायची यावर मात्र परिषदेने मुद्दाम नियम केला नसेल, तर मोकळीक होती. आणि नेमके त्याच काळात मेंढ्यांची कुरणे गायींकडे जाऊ लागली. १९९० मध्ये देशात दुभत्या कळपांतली जनावरे ३४ लाखांच्या घरात होती, २०१४ पर्यंत ती ६७ लाखांच्या आसपास गेली. गाय कुरणात जिथे मुतते तिथे गवताला पेलणार नाही इतके नत्र एकाच जागी पडते आणि पावसाबरोबर ते खाली झिरपते. गोमूत्राच्या गुणांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मातीत त्याचे नायट्रेट होते आणि ते भूजलात उतरते, हेही त्यात यायला हरकत नाही.

२००२ मध्ये ‘फिश अँड गेम’ या संस्थेने दुग्धव्यवसायामुळे होणाऱ्या प्रदूषणावर मोहीम उघडली. लगेच २००३ मध्ये फाँटेरा ही बलाढ्य सहकारी कंपनी, सरकार आणि प्रादेशिक परिषदा यांच्यात करार झाला: ओढ्यांना कुंपण घाला, जनावरे पाण्यात उतरू देऊ नका. कुंपणे झाली. खुरांनी तुटणारे काठ वाचले. नायट्रेटला कुंपण नव्हते.

कँटरबरी प्रदेशात हे सगळे एकवटले. वायमकारिरी, राकाया अशा अनेक पदरांनी वाहणाऱ्या नद्या, खाली गोट्या-वाळूचा थर, वर उन्हाळ्यात कोरडी पडणारी सपाट जमीन. फिरत्या सिंचनयंत्रांनी ती हिरवी केली आणि तीसेक वर्षांत तिथली दुभती जनावरे सुमारे दहापट झाली. पाण्यासाठीचे अर्ज वाढले, आराखडा रखडला, प्रदेशातल्या महापौरांनी तक्रार केली. २०१० मध्ये केंद्र सरकारने कायदा करून तिथल्या प्रादेशिक परिषदेचे सगळेच्या सगळे १४ निर्वाचित सदस्य घरी पाठवले आणि मार्गारेट बेझली यांच्या अध्यक्षतेखाली आयुक्त नेमले. थोड्या काळासाठी म्हणून केलेली ही सोय लांबत गेली. पूर्ण निर्वाचित परिषद २०१९ मध्येच परतली. आयुक्तांनी जमीन-पाणी आराखडा मार्गी लावला, हे मान्य करायला हवे. पण हीच वर्षे गोठे वाढण्याची होती आणि मतदाराला जाब विचारायला फारशी जागा नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये याच परिषदेने आपल्या प्रदेशात ‘नायट्रेट आणीबाणी’ जाहीर केली.

टाउपो सरोवराची गोष्ट निराळी. तिथे वायकाटो परिषदेने पाणी अजून निर्मळ असतानाच हालचाल केली. प्रत्येक शेतकऱ्याला नत्राचा ठरावीक कोटा दिला, त्याच्या खरेदीविक्रीला मुभा ठेवली आणि केंद्र, परिषद व टाउपो जिल्हा यांनी मिळून सुमारे ८ कोटी डॉलरचा निधी उभा केला. त्यातून काही जमीन झाडांखाली गेली, काहींचे कोटे विकत घेऊन कायमचे रद्द झाले. माणसाच्या हातातले २० टक्के नत्र कमी करण्याएवढे करार २०१५ पर्यंत पूर्णही झाले. तरी सरोवराला फरक जाणवायला काही दशके लागतील, कारण तिथले भूजल फार हळू सरकते. नियम, पैसा आणि वेळ हे तिन्ही एकत्र आले असे दुसरे उदाहरण या काळात मला तरी ठळकपणे दिसत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थमध्ये मुसळधार पावसानंतर मेंढ्यांची विष्ठा पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिकांपर्यंत पोहोचली. १४ हजारांच्या गावात ५ हजारांहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. चौकशीत जिल्हा परिषदेबरोबर प्रादेशिक परिषदेवरही ठपका आला. दोघी एकमेकींशी पुरेसे बोलतच नव्हत्या.

केंद्राचे गोड्या पाण्याचे धोरण २०११ मध्ये आले, २०१४ आणि २०१७ मध्ये बदलले, २०२० मध्ये कडक झाले. त्यानुसार आराखड्यांची मुदत आधी २०२४ अखेर होती, मग ती २०२७ अखेर गेली. १९९१ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये आणलेले कायदे सरकार बदलताच त्याच वर्षी रद्द झाले. केंद्राच्या या फेरबदलांमुळे परिषदांच्या संथपणाला त्या एकट्याच जबाबदार ठरत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने आणखी एक प्रस्ताव मांडला: निर्वाचित प्रादेशिक सदस्यच नकोत, त्यांच्या जागी महापौरांची मंडळे बसवू. माझ्या मते दोष सदस्यांत शोधणे चुकीचे आहे. सीमा योग्य होत्या. मोजण्याआधी वाटप केले आणि दिलेले ३५ वर्षांसाठी बांधून टाकले, तिथे बिनसले. परवान्यांची ती मुदत तशीच ठेवून केवळ माणसे बदलण्याचा प्रयोग कँटरबरीत २०१० मध्येच करून झाला आहे.