साताऱ्याला डोळा, सांगलीला दम

मोबाईल फोन घेणे हे हल्ली स्थळ पाहण्याइतके अवघड होऊन बसले आहे. पत्रिका हातभर लांब, छत्तीसपैकी पस्तीस गुण जुळलेले, आणि प्रत्यक्ष नांदायला कसा निघेल ते कोणीच सांगत नाही. दुकानातल्या तरुणाने मला एका दमात म्हणून दाखवले: कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, बॅटरी ६००० एमएएचची, चार्जर ४४ वॅटचा. मी विचारले, "बाबा रे, घरातली वीज गेली तर हा किती दिवस बोलेल?" तो म्हणाला, "काका, पॉवर बँक घ्या ना!" त्याचेही बरोबरच होते. त्याला सांगली ठाऊक नव्हती.

फोन माझ्यासाठी नव्हताच. सांगलीच्या गावभागात माझी थोरली बहीण राहते. वय ७४, निवृत्त शिक्षिका, घरात एकटी. पण शेजारपाजार असा की एकटी म्हणायला जीभ रेटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. म्हणजे धोक्याच्या वर आणखी एक मजला पाणी. अक्का शेजारच्या घराच्या माडीवर चार बिऱ्हाडांबरोबर बसून होती. वीज गेलेली. तिचा फोन पहिल्याच दिवशी दुपारी बंद पडला, आणि पुढे जवळजवळ दोन दिवस पुण्याला आम्हांला तिची काही खबर नव्हती. तिसऱ्या दिवशी कुणा अनोळखी मुलाच्या फोनवरून तिचा आवाज आला. म्हणाली, "मी बरी आहे. जास्त बोलू नकोस, पोराची बॅटरी संपेल."

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. त्या वेळी ती आधीच मिरजेला हलली होती, म्हणून निभावले. पण तो जुना फोन मात्र अजून तिच्यापाशीच होता, आणि दुपारी दोनला मान टाकायचा त्याचा नेमही अजून चुकला नव्हता.

तेव्हा असे ठरले की नवा फोन घ्यायचा, वाटेत आपण वापरून पाहायचा, आणि पसंतीस उतरला तरच अक्काच्या हाती द्यायचा. कंपनीचे नाव येथे देत नाही. दिवाळी अंकात जाहिरातींना वेगळी पाने असतात. शिवाय अठरा हजारांच्या आतबाहेरचे हे फोन एकमेकांचे सख्खे भाऊ असावेत इतके सारखे असतात, त्यामुळे एकाविषयी लिहिलेले दुसऱ्यालाही बरेचसे लागू पडते.

पुण्याहून सांगलीला जाताना सातारा लागतोच. त्यातून सप्टेंबर महिना. सौ. म्हणाली, "कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायचीय ना? मग फुलांसमोर घ्या. माणसं काय, कशीही उभी राहतात!" म्हणून साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने वर चढून कासच्या पठारावर गेलो. शहरापासून हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कासही आहे, आणि तेव्हापासून फुलांइतकीच माणसेही फुलतात.

कासची फुले ही कॅमेऱ्याला अडचणीत पकडणारी आहेत. लांबून पाहावे तर सगळा माळ जांभळा-पिवळा, आणि खाली बसून पाहावे तर एकेक फूल करंगळीच्या नखाएवढे. 'सीतेची आसवे' म्हणतात ते तर फारच नाजूक. नाव इतके करुण आणि प्रत्यक्षात वनस्पती कीटकभक्षी, चिमुकल्या पिशव्यांनी पाण्यातले जीव टिपणारी! त्याच्या शेजारी पांढऱ्या गुंड्यांसारखा गेंद, पलीकडे तेरडा. फोनमध्ये अशा बारक्या वस्तूंसाठी एक वेगळा कॅमेरा होता. तो २ मेगापिक्सेलचा, आणि मला वाटते केवळ पाठीमागे तीन डोळे दिसावेत म्हणून बसवलेला. त्याने काढलेले फूल पाण्यात भिजलेल्या तिकिटासारखे दिसत होते. मग मुख्य कॅमेरा दुप्पट जवळ आणून, वीतभर अंतर राखून फोटो घेतला, तेव्हा पाकळीवरच्या शिरा आणि दवाचा थेंबसुद्धा आला. सौ. खूष झाली.

मात्र रंगात गफलत होती. डोळ्यांना आसवे जांभळी दिसत होती आणि फोनमध्ये स्वच्छ निळी. हे एकट्या याच फोनचे पाप नव्हे. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या सूक्ष्म चौकटींची जाळी असते. हिरव्या दोन, तांबडी एक, निळी एक. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचे पेटंट मिळाले आणि जगातले बहुतेक कॅमेरे आजही तिच्याच जोरावर चालतात. जांभळ्यासाठी त्या जाळीत वेगळी चौकट नाही. तो रंग यंत्राला बाकीच्यांवरून अंदाजाने ठरवावा लागतो, आणि तिथे त्याची गाडी निळ्याकडे घसरते.

५० मेगापिक्सेलचेही असेच. इवल्याशा काचेवर इतके ठिपके दाटीवाटीने बसवल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड तो किती येणार? म्हणून फोन चार-चार ठिपक्यांचा मिळून एक करतो आणि हाती देतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. फोटो वाईट नसतो, उलट चांगला असतो. पण ५० हा आकडा खोक्यावर शोभतो. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो एक शतांश मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. तिथून आपण कुठवर आलो हे पाहिले म्हणजे दोन-चार मेगापिक्सेलवरून दुकानदाराशी भांडण्याची हौस उरत नाही.

आमच्या लहानपणी रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि बारावा शिल्लक आहे म्हणून लग्न महिनाभर कॅमेऱ्यात अडकून राही. कासवर आम्ही दोन तासांत १६० काढले. त्यांतले बघण्याजोगे नऊ. हिशेब जवळजवळ तोच पडला म्हणायचा.

खाली उतरून साताऱ्यात कंदी पेढे घेतले. पेढा भाजलेल्या खव्याचा, तपकिरी, जरा रांगडाच. फोनने तो ओळखला, पडद्यावर ताटलीचे चित्र झळकले, आणि फोटोत पेढा असा गोरापान होऊन आला की सौ. म्हणाली, "हा आपल्या साताऱ्याचा नाही!" ही सजवण्याची सवय तंत्रपेटीत शिरून बंद करता येते. मी ती तिथेच बंद केली. फुलाचा रंग चुकला तर समजू शकतो, पण पेढ्याला पावडर लावण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र कासवर लक्षात आली ती महत्त्वाची. पहाटे पाचला पुण्याहून निघताना बॅटरी १०० होती. साताऱ्यापर्यंत रस्ता दाखवत आला तरी ८७ वर होती. पठारावरच्या तीन तासांत मात्र ती २२ टक्क्यांनी घसरली, आणि ती सगळी फोटोंमुळे नव्हे. तिथे टॉवरची रेंज जेमतेम होती. रेंज क्षीण असली की फोन टॉवरला गाठण्यासाठी अधिक जोराने हाका मारत राहतो, आणि त्या हाकांतच त्याची शक्ती जाते. आपण खिशात घालून विसरतो. तो आत ओरडतच असतो. अक्काचा जुना फोन २०१९ मध्ये इतक्या लवकर का गेला असावा, याचा एक धागा मला तिथे कासच्या माळावर मिळाला.

साताऱ्याहून कऱ्हाड, तिथून पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगली. या वाटेने जाताना नेहमी वाटते की सांगलीचा पूर आपण सांगलीत शोधतो, पण तो येतो साताऱ्यातून. कृष्णा महाबळेश्वरची. कोयना धरण साताऱ्याच्याच पाटण तालुक्यात, पोटात १०५ टीएमसी पाणी साठवणारे, आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वर पाऊस कोसळला, धरणाचे दरवाजे उचलले, की इतके क्युसेक सोडले, इतक्या तासांनी पाणी येईल, असे निरोप सांगलीकरांच्या फोनवर फिरू लागतात. गावभागात पावसाळ्यात फोन हे पंचांगासारखे पाहतात. आज किती फूट?

सांगलीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि फोनमध्ये ४१ टक्के शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्काला घेऊन आयर्विन पुलाकडे गेलो. हा पूल १९२९ सालचा, आणि पुराच्या दिवसांत साऱ्या जिल्ह्याचे डोळे याच्याशी असलेल्या फुटांच्या आकड्यांकडे लागलेले असतात. पाणी त्या दिवशी निवांत, खूप खाली होते. अंधार पडता पडता मी फोटो घेतला. रात्रीच्या फोटोसाठी फोन एकामागून एक भराभर अनेक फोटो घेतो आणि त्यांचा मिळून एक करतो. दोन सेकंद हात स्थिर ठेवला की काम झाले. संध्याकाळची चक्क दुपार झाली! नदी, घाट, पुलाच्या कमानी, सगळे स्वच्छ.

मग काठावर लांब उभे राहून आकडे दहापट जवळ आणले. इथे मात्र मी दचकलो. तिथे आकडा आहे एवढे कळत होते, कोणता ते कळत नव्हते. आणि फोनने त्या धुरकट ठिपक्याला अशी ठसठशीत कड काढली होती की परक्या माणसाने तो खराच धरला असता. अक्का फोटो निरखून म्हणाली, "वर्गात न येणारं उत्तर सुंदर अक्षरात लिहिणारी मुलं असायची, तसला आहे हा." दुप्पट अंतरापर्यंतचे आकडे बिनचूक आले, त्यापुढचे नाहीत. फुलाच्या पाकळीत यंत्राने थोडे मनचे घातले तर बिघडत नाही. पाण्याच्या पातळीत घातले तर बिघडते. लांबून ओढून काढलेला पुराचा फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

घरी अक्काने कॅमेऱ्याचा स्वतःचा उपयोग शोधून काढला. औषधाच्या पाकिटावरची मुदत तिला भिंगानेही दिसत नाही. फोटो काढला, बोटांनी मोठा केला, झाले.

आता बॅटरी. ६००० एमएएच म्हणजे सुमारे २३ वॅट-तास. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा अडीच तास जळेल. तेवढ्यात फोनने संसार करायचा. यातली लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे सांगलीचा पूर ओसरून दोन महिने झाले तेव्हा. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. त्या आठवड्यात वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र अक्काने बराच वेळ पाहिले होते.

दुकानदाराच्या पॉवर बँकेचीही गंमत सांगतो. तिच्यावर १०,००० लिहिलेले असते, पण दाब वाढवून वीज बाहेर देताना फोनच्या पदरात साधारण सहा हजारच पडतात. या फोनचे पोट एकदा भरले की ती आटोपली. तरीही एक भरून ठेवायला हरकत नाही, आणि अक्काने ठेवली आहे. पाण्याबद्दल म्हणाल तर कंपनी शिंतोड्यांपुरतेच बोलते. कृष्णेबद्दल बोलत नाही. भिजलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, हे अक्काकडून दोनदा म्हणवून घेतले.

शनिवारी सकाळी सहाला फोन पूर्ण भरला, अक्काचे सिमकार्ड घातले आणि वीज गेली असे समजायचे ठरले. इंटरनेट बंद, बॅटरी बचत चालू, पडदा मंद. दिवसाला पाच-सहा फोन, आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे निरोप पाहायचे. खऱ्या पुरात टॉवरचीही वीज जाते, त्याच्याही बॅटऱ्या संपतात. तेव्हा रेंज गेलीच तर विमानातली सोय चालू करून फोन गप्प करायचा आणि ठरल्या वेळीच, सकाळी आठ आणि रात्री आठ, जागा करायचा. आम्हीही त्याच वेळी फोन लावायचा. "म्हणजे शाळेची घंटाच की!" अक्का म्हणाली, आणि तिने वेळापत्रक कॅलेंडरवर लिहून टाकले. खाली आमचे सगळ्यांचे नंबरही ठळक अक्षरांत. फोन मेला तर नंबर कुणाला पाठ आहेत?

ही परीक्षा नव्या बॅटरीची आहे हे खरे. दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होणारच. उन्हात ठेवली, रात्रंदिवस १०० वर टांगली तर लवकरच. म्हणून एरवी वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवायची आणि कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की पूर्ण भरायची, एवढे अक्काने मान्य केले आहे.

रविवारी आम्ही पुण्याला परतलो. मंगळवारी संध्याकाळी सातला तिचा फोन आला.

"अरे, अकरा टक्के राहिलेत. साडेतीन दिवस झाले. आता लावू का चार्जिंगला?"

"लाव की, अक्का."

"थांब, आठ वाजू देत. ठरल्याप्रमाणे होऊन जाऊ दे."

आठला तिने पुन्हा फोन केला. नऊ टक्के होते.