एका पंपातली तीन औषधं

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. अनेकांच्या पंपात एकच औषध नव्हतं. सरकारने तेव्हा तात्पुरती बंदी घातलेल्या पाच उत्पादनांतलीही दोन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, मुळातच जोडऔषधं होती.

अशा घोळातून एकेक विष सुटं करणारी पद्धत म्हणजे क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत या शास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सात ती मांडली, तीही पानांतली रंगद्रव्यं वेगळी करण्यासाठी. न्यायसहायक प्रयोगशाळेत तिचं सर्वांत साधं रूप दिसतं ते काचपट्टीवर. पट्टीवर सिलिका जेलचा पातळ थर असतो. खालच्या कडेजवळ पेन्सिलीने हलकी रेघ ओढायची, तिच्यावर बारीक नळीने नमुन्याचा ठिपका टेकवायचा, शेजारी माहितीतल्या औषधांचे ठिपके. मग पट्टी झाकणाच्या भांड्यात उभी करायची. तळाशी हेक्झेन-ॲसिटोनचं मिश्रण बोटभरही नसतं, पण ते थरातून आपोआप वर चढतं आणि ठिपक्यांना सोबत ओढतं. सिलिकाला घट्ट धरून राहणारं मोनोक्रोटोफॉस खालीच रेंगाळतं, तिच्याशी फारशी जवळीक नसलेलं सायपरमेथ्रिन बरंच वर जातं. वाळलेल्या पट्टीवर योग्य रसायन फवारलं की रंगीत डाग उमटतात. ही फवारायची रसायनं शोधण्यात औरंगाबादच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी मोलाचं काम केलं आहे.

डाग म्हणजे अंदाज. खात्रीसाठी मोठं यंत्र लागतं. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून जाते आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. उष्णतेने मोडणाऱ्या औषधांसाठी द्रवावर चालणारं यंत्र वापरतात.

रुग्ण समोर असताना डॉक्टर अहवालाची वाट पाहत नाहीत. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या की ॲट्रोपिन सुरू होतं. पण ते मोनोक्रोटोफॉससारख्या फॉस्फरसयुक्त विषांवर; डायफेंथियुरॉन किंवा फिप्रोनिलवर नेमका उतारा नाही. म्हणूनच, शरीरात नेमकं काय गेलं हे कळणं मला फार मोलाचं वाटतं, आणि काचपट्टीची सोय फवारणीच्या हंगामात जिल्ह्यातच असावी. तोवर रुग्णासोबत औषधांच्या सगळ्या बाटल्या आणि पंपात उरलेलं पाणी बंद बाटलीत घेऊन दवाखान्यात या, एवढं तरी गावोगाव सांगायलाच हवं.