तेल कुठे घालू नये

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्यात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला सायकलविषयी कुणी चार गोष्टी शिकवू लागले की ते जरा जडच जाते. माझेही तसेच झाले. आमचे अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि रोज सायकलने जात. संध्याकाळी कारखाना सुटला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागायचा. त्या लोंढ्यातून आपले अब्बा ओळखायचे कसे, तर घंटीवरून. रविवारी सकाळी सायकल अंगणात उलटी उभी राहायची. शेजारी वाटीत रॉकेल, एक फडके, दोन पान्हे आणि तेलाची कुपी. अब्बांचा नियम एका ओळीचा होता : जिथे कुरकुरेल तिथे तेल घाल. हा नियम मी आयुष्यभर पाळला. दाराच्या बिजागरीपासून पंख्यापर्यंत सगळीकडे पाळला, आणि एकदा भाच्याच्या सायकलवरही पाळला. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

अब्बांच्या सायकलचे ब्रेक दांड्यांचे होते. मूठ दाबली की दांड्या ओढल्या जायच्या आणि रबराचे दोन गुटके चाकाच्या रिमवर जाऊन घासायचे. कोरड्या दिवसात काम चाले. पावसात रिम ओली झाली की गुटके नुसते सरकत, आणि मग पायातली चप्पल हाच खरा ब्रेक. या दांड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी कर्वेनगरला जावे. तिथे विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले आहे. आमच्या वारज्याहून ते हाकेच्या अंतरावर.

माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे वारज्याला राहतो. दोन-तीन वर्षांची ईदी साठवून आणि शिकवण्या घेऊन त्याने सायकल घेतली. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. चाकाच्या मध्यभागी पोलादाची पातळ, भोके पाडलेली चकती, आणि तिला चिमट्यासारखे धरणारे एक छोटे यंत्र. त्याला कॅलिपर म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात त्या ब्रेकने असा काही आवाज काढायला सुरुवात केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. भाचा म्हणाला, "मामू, पाण्याने होतं, जाईल." मला राहवले नाही. एका रात्री तो झोपल्यावर बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाचे चार-चार थेंब मी दोन्ही चकत्यांवर सोडले, चाके फिरवली, ब्रेक दाबून पाहिला. आवाज बंद. मी समाधानाने झोपलो.

आवाज बंद झाला होता, कारण ब्रेकच बंद झाला होता.

सकाळी भाचा डुक्कर खिंडीकडे गेला. जाताना चढ, त्यामुळे ब्रेकशी फारसा संबंध आला नाही. परत वारज्याकडे उतरताना त्याने मुठी आवळल्या आणि सायकल तशीच चालत राहिली. मागे वाहनांचा ओघ. त्याने प्रसंगावधान राखून सायकल कडेच्या वाळूच्या ढिगात घातली. डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. "मामू, ब्रेक लागलाच नाही," एवढेच तो मला म्हणाला. मी काही बोललो नाही. का बोललो नाही हे सांगायला मला आज माइकसमोरही अवघड जाते आहे.

सायकल घेऊन मी आधी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चकतीकडे पाहिले आणि म्हणाला, "हे आपलं काम नाही." मग महामार्गाच्या पुलापलीकडे एक तरुण मेकॅनिक भेटला. त्याने चाक काढले, चकतीवर बोट न लावता कागदी रुमाल फिरवला, तो उजेडात धरला आणि विचारले, "काका, तेल कुणी टाकलं?"

पुढचे सगळे मी त्या मुलाकडून शिकलो.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते पाहू. कॅलिपरच्या पोटात चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असते. पॅड म्हणजे धातूच्या पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा थर. मूठ दाबली की पॅड चकतीला चिमटतात. रिम रस्त्याच्या चिखलापाशी फिरते, चकती मधोमध उंचावर, म्हणून पावसात हा ब्रेक जुन्या रबरांपेक्षा भरवशाचा. पण त्या थराला तेलाचे वावडे आहे. मातीची पणती जसे तेल पिते तसे पॅड तेल पिते. वरून कितीही पुसा, गरम झाले की आतले तेल पुन्हा वर येते. काही लोक अशी पॅड गॅसवर पापडासारखी भाजतात म्हणे. त्याने थोडे तेल जळते, थोडे राहते, आणि जे राहते ते नेमके उतारावर आठवण करून देते. तेल पिलेले पॅड फेकून द्यावे. नवी जोडी मनगटापेक्षा स्वस्त पडते. चकती मात्र वाचते. औषधांच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन ती दोन्ही बाजूंनी पुसायची. ते नसेल तर भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, मग कोरडे फडके. साखळीला तेल घालताना किंवा फवारा मारताना तो चकतीकडे उडू द्यायचा नाही. बोटाचा तेलकटपणाही तिला नको, आणि नुकतीच उतारावरून आलेली चकती तर बोटाला फोडच आणते.

ती किती तापते याचा मी एकदा हिशेब केला. आमच्या भागातले पोरसवदा सायकलवाले रविवारी खडकवासल्यावरून सिंहगडावर जातात. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो आणि उतार ५०० मीटर उंचीचा धरला, तर खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात सव्वा लिटर साधे पाणी उकळेल. थोडा भाग वारा घेतो. पण सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक सगळा भार त्या दोन चकत्यांवर येतो, आणि दोघींचे वजन मिळून जेमतेम पाव किलो. म्हणून घाटात ब्रेक सतत घासत ठेवू नये. वळणाआधी नीट दाबावा, वेग कमी करावा, सोडावा, चकतीला वारा लागू द्यावा. सतत तापली तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. असे पॅड तेलाने बिघडलेले नसेल तर पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून पुन्हा खरखरीत करता येते.

आता आवाज. पावसातला आवाज बहुधा पाण्याचा असतो. दोन-चारदा ब्रेक दाबला की चकती कोरडी होते आणि तो थांबतो. भाचा बरोबर होता. कोरड्यातही किंचाळत असेल तर चकती मळलेली किंवा पॅड बिघडलेले. मात्र या किंचाळण्याचे वय मोठे आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांची पॅड तांब्याची होती आणि ती भयंकर ओरडत. पुढे हा ब्रेक जगाला पटला तो १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वार गाडी त्याच्या जोरावर जिंकली तेव्हा. सायकलवाले आणखी हट्टी. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी त्यांच्या जागतिक संघटनेने डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली ती २०१८ साली.

तिसरी तक्रार घासण्याची. चाक फिरवले की दर फेऱ्याला सर्रऽ असा आवाज येतो. चकती आणि पॅड यांच्यात फट असते ती एखाद्या व्हिजिटिंग कार्डाएवढी. आवाज सलग येत असेल तर कॅलिपर एका बाजूला सरकला आहे. त्याला धरणारे दोन स्क्रू अर्धा आटा ढिले करायचे, मूठ गच्च दाबून धरायची, म्हणजे कॅलिपर आपणहून चकतीच्या मध्ये येतो, आणि तशीच दाबलेली ठेवून दोन्ही स्क्रू थोडे-थोडे आलटून पालटून आवळायचे. एकट्याने काम करताना मूठ रबरबँडने बांधून ठेवावी. आवाज एकाच ठिकाणी तुटकपणे येत असेल तर चकती वाकली आहे. आपण चाकाचा आउट काढतो ना, तसा चकतीचाही काढावा लागतो. मागे पांढरा कागद धरून चाक हळू फिरवायचे, कुठे फट मिटते ते पाहायचे आणि तिथे स्वच्छ पान्ह्याने किंचित वाकवायचे. किंचित म्हणजे खरोखर किंचित. मी पहिल्यांदा केले तेव्हा डावीकडचा आउट उजवीकडे नेऊन ठेवला होता.

यानंतरची गोष्ट नीट ऐका, कारण इथे गल्लीत फसगत होते. डिस्क ब्रेक दोन जातीचे. एक तारेचा, दुसरा तेलाचा. हो, तेलाचा. ज्याच्यापायी एवढे झाले ते तेल याच्या पोटात असते, फक्त बंद नळीत. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त सायकलींना तारेचा असतो. त्यात पॅड झिजले की फट वाढते आणि मूठ हँडलला टेकू लागते. तारेच्या टोकाशी असलेली बारीक नळकांडी फिरवून तार ताणून घ्यायची. बऱ्याच कॅलिपरात एकच पॅड हलते, दुसरे स्थिर राहते. त्या स्थिर पॅडला जवळ आणायला आतल्या बाजूने वेगळा स्क्रू असतो, तोही थोडा आत घ्यायचा. नुसती तार ताणत राहिलात तर एके दिवशी ताणायला जागाच उरत नाही. गंजलेली, धागे सुटलेली तार बदलून टाकावी.

तेलाच्या ब्रेकमध्ये पॅड झिजतील तसे आतले दट्टे आपणहून पुढे येतात, म्हणून मूठ तशीच राहते आणि झीज कळत नाही. तिथे मूठ स्पंजासारखी मऊ लागली तर नळीत हवा शिरली आहे. ती काढणे जाणकाराचे काम. पण त्याला तेल कोणते घालणार हे आधी विचारा. शिमानोसारख्या कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. मोटारसायकलींना लागते ते डॉट नावाचे द्रव वेगळे. सायकलचे काही ब्रेकही डॉटवर चालतात. एकाच्या जागी दुसरे भरले की आतली रबरी सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. "सगळं ब्रेक ऑइल सारखंच," असे म्हणणारा मेकॅनिक भेटला तर सायकल घेऊन घरी यावे. डॉट सांडले तर रंगही खाते. आणखी एक : चाक काढलेले असताना तेलाच्या ब्रेकची मूठ दाबू नये. मध्ये चकती नसल्याने दट्टे पुढे येतात आणि चाक परत बसत नाही. पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये ठेवला की काळजी नाही.

झीज पाहायला महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन कॅलिपरात डोकवावे, पावसाळ्यात दर आठवड्याला. चिखलपाण्यात पॅड फार लवकर झिजते. पट्टीवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचे. धातूला धातू लागू दिला तर चकतीही जाते. शिमानोची नवी चकती १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ झाली की कामातून गेली.

नवी पॅड लावल्याबरोबर घाटात जाऊ नये. लोणचे मुरावे लागते, तशी पॅडही मुरवावी लागतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा, ब्रेक जोराने पण हळूहळू दाबत चालण्याच्या गतीपर्यंत यायचे, आणि पूर्ण थांबायच्या आत सोडायचा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे, पंधरा-वीस वेळा. यात पॅडचा बारीक थर चकतीवर बसतो आणि पकड वाढत जाते.

त्या मेकॅनिकने हे काम मलाच करायला लावले. भाच्याच्या हाताला प्लास्टर होते. पहाटे सर्व्हिस रोडवर मी, पन्नाशीचा माणूस, पुढे जातोय, थांबतोय, पुन्हा पुढे जातोय. फिरायला निघालेले एक गृहस्थ उभे राहून विचारू लागले, सायकल शिकताय का? मी हो म्हणालो.

घरी आल्यावर भाच्याला सगळे सांगितले. शिलाई मशीनचे तेल, रात्रीची वेळ, चार-चार थेंब. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, साखळीला घातलं असतंत तर चाललं असतं. ती खरंच कुरकुरत होती."