ब्रायटनच्या टॉवरमधली चेटकीण

ब्रायटनमधल्या टायसन प्लेस या साध्या, उंच इमारतीवर 2013 पासून डोरीन व्हॅलिएंट यांच्या नावाचा निळा फलक आहे. त्या चेटकीण होत्या आणि हे उघडपणे सांगत.

1922 साली जन्मलेल्या डोरीनना 1953 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्का या आपण रुजवलेल्या आधुनिक चेटूकपंथाची दीक्षा दिली. जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा ब्रिटिश कायदा रद्द होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. गार्डनर जे विधी प्राचीन म्हणून दाखवत, त्यांतला बराच मजकूर ब्रिटिश गूढवादी अलेस्टर क्रोली यांचा आहे, हे डोरीननी ओळखलं. नुसतं ओळखून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी तो नव्यानं लिहून काढला. देवी भक्तांशी बोलते आहे अशा रूपातलं त्यांचं गद्य विक्कापंथी आजही विधीत म्हणतात.

पुढे 1957 मध्ये गार्डनरनी ‘जुने नियम’ पुढे केले. त्यांत एक असा, की वय झालं की मुख्य पुजारिणीनं तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी! डोरीननी गार्डनरांचा गटच सोडला. (बरं केलं.)

1978 च्या ‘विचक्राफ्ट फॉर टुमॉरो’मध्ये त्यांनी एकटीनं, गुरूशिवाय स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याचा विधीही दिला. गटाबाहेर, घरच्या घरी साधना करणाऱ्या बायकांची त्यामुळे मोठी सोय झाली.