एका फितीवर दोन बँड

स्प्लिट कॅसेट म्हणजे साइड ए एका बँडची, साइड बी दुसऱ्याची. खरी गंमत मात्र कव्हरवर दिसत नाही. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. तिचा अर्धा पट्टा ए बाजूचा, अर्धा बी बाजूचा, आणि दोन्हींवरचं गाणं उलट दिशांनी जाणारं. म्हणजे एकाचं पहिलं गाणं दुसऱ्याच्या शेवटच्या गाण्याला खेटून असतं. प्लेअरचं हेड जरा सरकलेलं असलं, की मधल्या शांत जागेत पलीकडची मंडळी उलटी गाताना ऐकू येतात.

गराज रॉकला हा दाटीवाटीचा शेजार मानवला. हे संगीतच मुळी अपुऱ्या साधनांवर वाढलेलं. १९६३ मध्ये पोर्टलंडला ‘द किंग्समेन’नी ‘लुई लुई’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा शब्द इतके अस्पष्ट उमटले की त्यात अश्लील काही आहे का, याचा तपास एफबीआयने केला आणि शेवटी काहीच कळत नाही म्हणून नाद सोडला. १९७९ मध्ये टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ आला. साध्या कॅसेटवर दुप्पट वेगाने, एकाच दिशेने चार ट्रॅक भरायची सोय झाली आणि स्टुडिओचं भाडं वाचलं. फितीची खरखर तर या गिटारींना शोभूनच दिसते.

बाकी कारण रोकडं आहे. विनाइलला साचा पाडण्याचाच खर्च मोठा. शिवाय प्रती कमी काढल्या तर एकेक महाग पडते आणि कारखान्याच्या रांगेत महिनोन्महिने जातात. कॅसेट पन्नास-शंभर प्रतींतही परवडते. त्यातला खर्च दोघांत वाटला, की राहतो पेट्रोलपाण्याएवढा. एकाचा श्रोता दुसऱ्याला आयता मिळतो, हा वरचा फायदा. गराज रॉकवाला टाय सीगल आज नावाजलेला आहे. २००८ मध्ये त्याने ‘सुपरस्टिशन्स’बरोबर ‘हाफनॉनागॉन’ ही स्प्लिट कॅसेट काढली होती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचं ‘बर्गर रेकॉर्ड्स’ हे २००७ मध्ये सुरू झालेलं लेबल कॅसेटींवरच मोठं झालं. पुढे २०२० मध्ये त्याच्याशी जोडलेल्या कलावंतांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि ते बंद पडलं. मित्रामित्रांच्या या वर्तुळात सगळंच गोड नव्हतं.

आता मिनिटांचा हिशेब. दोन्ही बाजू एकाच फितीच्या, तेव्हा लांबी सारखीच. एका बँडची गाणी चौदा मिनिटांची आणि दुसऱ्याची एकोणीस, तर पहिल्याच्या वाट्याला पाच मिनिटं कोरी फीत येते. आपल्याकडे दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घेतलेल्यांना हे सांगायला नको. साइड संपताना शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डची ‘नॅशनल ऑडिओ कंपनी’ हवी तेवढीच फीत भरून देते: रिकाम्या खोक्यात दोन टोकांना पारदर्शक लीडर, मध्ये मोठ्या चकतीवरून मोजून कापलेली फीत. तरी मोठ्या बाजूचं माप धरावंच लागतं. अशा वेळी धाकट्या बँडने एखादं गाणं वाढवावं असा आग्रह होतो. माझ्या मते त्यापेक्षा कोरी फीत बरी.

मानपानही आहेच. साइड ए कुणाची, यावरून रुसवा नको म्हणून काही जण आतला कागद असा छापतात की कुठल्याही बाजूने धरला तरी ते मुखपृष्ठच वाटावं. ए-बी लिहितच नाहीत. कण्यावर मात्र जागा एका ओळीचीच असते, आणि तिथे कुणाचं तरी नाव आधी येतंच.